जपानची 'लँड प्लस क्रूझ' टूर: ब्रोशर नीट वाचायचं कसं

जपान सध्या सगळ्यांच्याच यादीत आलंय. 2024 मध्ये जगभरातून 3 कोटी 68 लाखांवर लोक तिथे गेले, 2025 मध्ये हा आकडा पहिल्यांदाच 4 कोटींच्या पुढे गेला, आणि आपल्याकडूनही 2024 मध्ये 2 लाखांहून जास्त भारतीय जाऊन आले. एक मोठं कारण म्हणजे येन घसरलाय. 2011 मध्ये एका डॉलरला 75-80 येन मिळायचे, जुलै 2024 मध्ये 160 च्या वर मिळत होते. आपला रुपयाही या काळात घसरला त्यामुळे डॉलरवाल्यांइतका फायदा आपल्याला नाही, पण युरोपच्या मानाने जपान आता बऱ्याच घरांना आवाक्यातला वाटायला लागलाय हे खरं.

त्यात फॅमिली ग्रुपवर जी ब्रोशर्स फिरतात त्यात आता 'लँड प्लस क्रूझ' हा प्रकार दिसतो. म्हणजे पाच-सहा दिवस गाईडबरोबर बसने आणि बुलेट ट्रेनने फिरायचं, आणि मग आठवडाभर जहाजावर, जहाज रोज किंवा एकाआड एक दिवस वेगळ्या बंदरात लागणार, तुम्ही सकाळी उतरायचं, फिरायचं आणि संध्याकाळी परत केबिनमध्ये. प्रकार चांगला आहे, मला मनापासून आवडतो. पण ब्रोशरवर टोकियो, क्योतो, फुजी, हिरोशिमा, नागासाकी अशी नावं एकाखाली एक छापलेली असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं सारखंच दिसणार आहे, तसं होत नाही. जमिनीवरून देशाचा आतला भाग दिसतो, जहाजावरून त्याची कड दिसते, आणि कुठली जागा कशातून बघायची हे ठरवलं की अर्धं काम झालं.

आधी नकाशा बघू

चार मोठी बेटं: उत्तरेला होक्काइदो, मग सगळ्यात मोठं होन्शू, खाली शिकोकू आणि क्यूशू. बारकी बेटं धरली तर एकूण 14,125. हा 2023 च्या मोजणीचा आकडा, त्याआधी 6,852 सांगायचे. बेटं वाढली नाहीत, नकाशे जास्त बारकाईने काढले गेले. उत्तर टोकापासून दक्षिणेपर्यंत साधारण 3,000 किलोमीटर, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन डोंगराळ, त्यामुळे माणसं, कारखाने, शेती सगळं किनाऱ्यालगतच्या सपाट पट्ट्यांत दाटलेलं.

यातली सगळ्यात दाट पट्टी म्हणजे टोकियो, नागोया, क्योतो, ओसाका, हिरोशिमा. जगातली पहिली बुलेट ट्रेन, म्हणजे शिंकान्सेन, 1 ऑक्टोबर 1964 ला याच पट्टीत टोकियो ते ओसाका सुरू झाली आणि आज टोकियोहून क्योतोला साधारण सव्वादोन तासांत पोचता येतं (आपल्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं तंत्र मुळात हेच). इतक्या वेगाने ट्रेन जात असताना ही शहरं जहाजातून बघण्यात काहीच अर्थ नाही. याउलट जपान समुद्राच्या बाजूची कानाझावा, साकाइमिनातो, क्यूशूच्या तळाचं कागोशिमा, होन्शूच्या वरच्या टोकाचं आओमोरी, होक्काइदोचं हाकोदाते ही गावं एकाच ट्रिपमध्ये ट्रेनने जोडायला गेलात तर दिवसच्या दिवस प्रवासात जातात, गाड्या बदला, बॅगा ओढा, रोज नवं हॉटेल. इथे जहाज कामाला येतं कारण हा सगळा प्रवास ते रात्री तुम्ही झोपलेले असताना करतं.

बंदराचं नाव एक, शहराचं नाव दुसरं

ब्रोशरमधली सगळ्यात फसवी जागा ही. क्योतोला समुद्र नाही. तरी क्रूझच्या कागदावर 'क्योतो' असतं आणि पुढे बारीक अक्षरात 'मायझुरू'. मायझुरू हे जपान समुद्रावरचं बंदर, क्योतो प्रांतातलंच आहे म्हणून नाव लावायला हरकत नाही, पण तिथून क्योतो शहर बसने दीड-दोन तास आणि तेवढंच परत. आपल्याकडे कोणी रत्नागिरीच्या बंदरात उतरवून 'आज कोल्हापूर दर्शन' म्हणालं तर कसं होईल, घाट चढून अंबाबाईचं दर्शन घेतलं, एक मिसळ खाल्ली की परत निघायची वेळ, अगदी तसंच. जहाज सकाळी आठला लागलं, इमिग्रेशन आणि रांग होऊन तुम्ही साडेनऊला बसमध्ये बसलात, संध्याकाळी साडेपाचला जहाजावर हजर राहायचंय, तर क्योतोत हातात उरतात चारेक तास. त्यात दोन देवळं होतील, आणि क्योतोला दोन देवळांत उरकणं हा त्या गावावर अन्याय आहे.

टोकियोचंही तसंच. बऱ्याच 'टोकियो' क्रूझ प्रत्यक्षात योकोहामाहून सुटतात, ते 30 किलोमीटर दक्षिणेला. आणि योकोहामातही दोन वेगळे धक्के. शहराच्या मधोमध लाकडी डेकचा सुंदर ओसानबाशी धक्का आहे, पण तिथे जायला योकोहामा बे ब्रिजखालून जावं लागतं आणि पुलाखाली उंची मिळते 55 मीटर. हल्लीची मोठी जहाजं त्याहून उंच, म्हणून त्यांच्यासाठी पुलाच्या अलीकडे दाइकोकूला 2019 मध्ये टर्मिनल उघडलं. तिथून चालत कुठे जाता येत नाही, बस नाहीतर टॅक्सी. टोकियोलाही रेनबो ब्रिजची हीच अडचण होती, म्हणून 2020 मध्ये पुलाच्या बाहेर नवं टर्मिनल बांधलं. तेव्हा बुकिंगच्या आधी फक्त शहर विचारू नका, धक्क्याचं नाव विचारा.

चांगली बाजूही सांगते. नागासाकीत जहाज लागतं तिथून ग्लोव्हर गार्डन चालत जाण्याइतकं जवळ. हाकोदातेचा वाकामात्सू धक्का रेल्वे स्टेशनच्या शेजारी, सकाळचा मासळीबाजार तिथेच. कानाझावात बसने अर्ध्या तासात शहरात, म्हणजे केनरोकुएन बाग, सामुराईंच्या जुन्या गल्ल्या आणि सोन्याचा वर्ख बनवणारी दुकानं (जपानचा जवळजवळ सगळा वर्ख याच गावात बनतो) एका दिवसात आरामात. अशा बंदरांसाठीच क्रूझ घ्यायची.

जपानची क्रूझ, मग मध्येच कोरिया कशाला?

हा प्रश्न सगळे विचारतात. योकोहामाहून निघून योकोहामालाच परत येणारी क्रूझ, आणि मध्ये एक दिवस दक्षिण कोरियातलं बुसान. लोकांना वाटतं एक देश बोनस मिळाला. त्यामागे कायदा आहे. याला 'कॅबोटाज' म्हणतात: एकाच देशाच्या दोन बंदरांमधली प्रवासी किंवा माल वाहतूक त्या देशाच्या झेंड्याखालच्या जहाजांसाठी राखून ठेवायची. जपानचा हा नियम 1899 च्या जहाज कायद्यातला आहे. मोठ्या क्रूझ कंपन्यांची जहाजं बर्म्युडा, बहामा, पनामा अशा देशांत नोंदवलेली असतात, त्यामुळे नुसती जपानी बंदरं करून चालत नाही, एक तरी परदेशी बंदर घ्यावं लागतं. आसुका 2 आणि 2025 मध्ये आलेलं आसुका 3 ही जपानी झेंड्याची जहाजं आहेत, त्यांना ही अडचण नाही, पण तिथला सगळा कारभार जपानी प्रवाशांच्या हिशोबाने चालतो.

आपल्या दृष्टीने खरा मुद्दा व्हिसाचा. बुसानला गेलात म्हणजे तुम्ही जपानच्या बाहेर पडलात, आणि नंतर परत जपानी बंदरात आलात की ती दुसरी एन्ट्री. भारतीयांना जो टुरिस्ट ई-व्हिसा मिळतो तो सिंगल एन्ट्री असतो. म्हणून क्रूझ असेल तर अर्ज करतानाच प्रवासाचा पूर्ण कार्यक्रम जोडून मल्टिपल एन्ट्री मागणं हा सुरक्षित रस्ता. जपानमध्ये 2015 पासून क्रूझ प्रवाशांसाठी जहाजावरच उतरण्याचा तात्पुरता परवाना देण्याची सोय आहे हे खरं, पण ती जहाजाने येऊन जहाजानेच जाणाऱ्यांसाठी आहे, आधी विमानाने उतरून आठवडाभर लँड टूर करणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये. कोरियाच्या बाजूनेही भारतीय पासपोर्टवर काय लागतं ते क्रूझ कंपनीकडून मेलवर लेखी घ्या, एजंटच्या 'काही लागत नाही हो' वर तिकीट काढू नका. आम्ही बुसानला उतरणारच नाही, जहाजावर बसून राहू, असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कागद पूर्ण नसतील तर पहिल्या दिवशी चेक-इनलाच अडवतात.

लँड टूरमध्ये गाईड का लागतो, मोबाईल आहे ना?

रस्ता शोधायला मोबाईल पुरे. अगदी तिकिटं, मेन्यू, पाट्या सगळं मोबाईलवर जमतं. गाईड लागतो तो समोर दिसतंय त्याचा अर्थ लागावा म्हणून, आणि आपल्या लोकांना तर जास्तच, कारण जपानच्या देवळांत आपल्या ओळखीचं इतकं काही आहे की न सांगता पुढे गेलो तर चुटपुट लागते.

टोकियोत आसाकुसाला सेन्सोजी देऊळ बघायला सगळ्या टूर नेतात, मोठा लाल कंदील, फोटो, खरेदी, चला. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन नावाचं छोटं देऊळ आहे टेकाडावर. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती दाखवत नाहीत, पडद्याआड असते. आणि नैवेद्य काय, तर मुळा. पांढरा, जाडजूड, लांब दाइकोन मुळा, देवळात शिरतानाच विकायला ठेवलेला असतो, भाविक तो घेऊन आत देवासमोर ठेवतात. पायऱ्यांवर, कठड्यांवर, दारांवर सगळीकडे मुळ्याचं आणि पैशांच्या बटव्याचं चिन्ह कोरलेलं. गणपतीला मोदकाऐवजी मुळा हे बघून आपल्या घरातली आजी किती वेळ तिथे उभी राहील विचार करा, आणि बहुतेक टूरमध्ये ही जागा नसते. गाईडला आदल्या दिवशी सांगितलं तर अर्ध्या तासात होतं.

तसंच बेंझाइतेन म्हणजे सरस्वती, हातात बिवा नावाचं वीणेसारखं वाद्य, आणि तिची देवळं बहुतेक पाण्याजवळ. बिशामोन्तेन म्हणजे वैश्रवण कुबेर. ही मंडळी बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथे गेली. क्योतोजवळच्या नारा गावी तोदाइजी देवळात जो सुमारे 15 मीटर उंच बुद्ध आहे, त्याची नेत्रोन्मीलनाची पूजा 752 साली झाली, आणि बुद्धाचे डोळे रंगवणारा भिक्षू भारतातून गेलेला बोधिसेन होता. त्याच्या हातातल्या ब्रशला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे प्रत्येकाचा हात डोळे उघडण्याला लागला. मूर्ती आणि देऊळ नंतर आगीत, लढायांत पडले, पुन्हा बांधले, आताची इमारत 1709 ची. बाहेर हरणांना बिस्किटं घालण्यात सगळा वेळ जातो आणि ही गोष्ट ऐकायचीच राहते.

एक सूचना गाईडबद्दल. जपानमध्ये परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन माहिती सांगायला पूर्वी सरकारी परीक्षा पास झालेला परवानाधारक गाईडच लागायचा, 2018 पासून ते बंधन काढलं. म्हणजे आता कोणीही गाईड होऊ शकतो. त्यामुळे टूर कंपनीला सरळ विचारा की स्थानिक परवानाधारक गाईड किती दिवस आहे आणि किती दिवस फक्त आपला मुंबईहून आलेला टूर मॅनेजर आहे. टूर मॅनेजर हॉटेल, जेवण, माणसांची मोजणी सांभाळतो, तेही मोठं काम आहे, पण काम वेगळं आहे.

बसवाला थांबत का नाही ही तक्रारही नेहमीची. एप्रिल 2024 पासून जपानमध्ये ड्रायव्हरांच्या ओव्हरटाइमवर कायद्याने कडक मर्यादा आली. दिवसाचे तास संपले की बस संपली, त्यामुळे 'अजून अर्धा तास थांबा ना' हे तिथे चालत नाही, आणि चालू नये.

मियाजिमाला घड्याळ समुद्राचं

हिरोशिमाजवळ मियाजिमा बेट, तिथला समुद्रात उभा असलेला लाल तोरी, म्हणजे देवस्थानाचं प्रवेशद्वार. फोटो सगळ्यांनी पाहिलाय. आताचा तोरी 1875 सालचा, साधारण 16 मीटर उंच, कापराच्या झाडाचे खांब. जमिनीत पुरलेला नाही. वरच्या आडव्या तुळईत सुमारे 7 टन दगड भरलेत आणि तो स्वतःच्या वजनावर उभा आहे, गेली दीडशे वर्षं, वादळं आणि लाटा खात.

इथे भरती-ओहोटी बघून जावं लागतं. भरतीला तोरी पाण्यात तरंगल्यासारखा दिसतो, आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यातली पातळी 100 सेंटीमीटरच्या खाली गेली की तुम्ही चिखलातून चालत थेट त्याच्या पायाशी जाता. तेव्हा कळतं खांब किती जाड आहेत, बुंध्याला शंख-शिंपल्यांचा थर बसलाय, लोक फटींत नाणी खोचतात (खोचू नयेत, लाकूड खराब होतं). दोन्ही रूपं बघायची तर बेटावर पाच-सहा तास हवेत, आणि खरं तर एक रात्र. मला विचारलंत तर हिरोशिमा आणि मियाजिमा लँड टूरमध्येच घ्या. 6 ऑगस्ट 1945 ला सकाळी 8 वाजून 15 मिनिटांनी जे झालं त्याचं म्युझियम आणि हे देवस्थान असं दोन्ही एका दिवसात जहाज गाठायच्या घाईत करू नये. म्युझियममधून बाहेर आल्यावर माणसाला जरा वेळ लागतो.

जाताना ओकायामा लागतं, शिंकान्सेनचं स्टेशन आहे. पुणेकरांनी तिथे दोन तास काढून कोराकुएन बाग जरूर बघावी. 1700 साली पूर्ण झालेली, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक, आणि सिंहगड रोडवरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान याच बागेवरून केलंय. ओकायामात पलीकडचा काळा किल्ला बागेचाच भाग वाटावा अशी रचना केलीय, बाहेरचं दृश्य बागेत ओढून घ्यायचं, आणि ती युक्ती फोटोत कळत नाही, चालताना कळते.

मग जहाजावरून नेमकं काय दिसतं

कागोशिमा घ्या. पहाटे डेकवर आलात की समोर खाडीत साकुराजिमा ज्वालामुखी, शहरापासून जेमतेम 4 किलोमीटर, आणि बहुतेक दिवस वरून धूर. 1914 पर्यंत हे बेट होतं, त्या वर्षीच्या उद्रेकात इतका लाव्हा वाहिला की मधली सामुद्रधुनी भरून ते पलीकडच्या जमिनीला जोडलं गेलं. शहरातली माणसं याच्याबरोबर रोज राहतात. हवामानाच्या बातम्यांत राख आज कुठल्या दिशेला पडणार ते सांगतात, त्यावर कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही ते ठरतं. महापालिका राख भरायला घरोघरी पिवळ्या पिशव्या देते, अंगण झाडायचं, राख पिशवीत भरायची, ठरलेल्या जागी ठेवायची, गाडी येऊन नेते. रस्त्याच्या कडेला त्या पिवळ्या पिशव्यांची रास दिसली की एखादं गाव जिवंत डोंगराशेजारी कसं नांदतं हे समजायला व्याख्यान लागत नाही.

नागासाकीत देजिमा आहे, पंख्याच्या आकाराचं माणसांनी बांधलेलं बेट. जपानने दोनशेहून जास्त वर्षं युरोपियनांना दार बंद ठेवलं त्या काळात फक्त डच व्यापाऱ्यांना या एवढ्याशा तुकड्यावर राहू दिलं. आता आजूबाजूला भराव घातलाय त्यामुळे ते बेट वाटत नाही, पण गोदामं, राहायची घरं पुन्हा बांधून नीट मांडलीत. याच डच व्यापाऱ्यांची ईस्ट इंडिया कंपनी 17व्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यालाही होती, तिथली डच वखार पडक्या अवस्थेत आजही उभी आहे. एकाच कंपनीच्या दोन वखारी, एक इतकी जपलेली आणि एक इतकी ओसाड, हे बघून कोकणातल्या माणसाला वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

आणि समुद्राचा भाग स्वतःच. क्यूशू आणि होन्शूच्या मध्ये कानमोन सामुद्रधुनी आहे, सगळ्यात अरुंद जागी रुंदी साधारण 600-650 मीटर, प्रवाह जोराचा. सगळीच जहाजं तिथून जात नाहीत, पण तुमच्या मार्गात असेल तर त्या वेळी जेवायला बसू नका, दोन्ही काठांवरची घरं, मासेमारीच्या बोटी, डोक्यावरून जाणारा पूल हे सगळं डेकवरूनच बघायचं. होन्शू, शिकोकू आणि क्यूशूच्या मधल्या सेतो समुद्रातून जाणारी क्रूझ मिळाली तर त्याहून नशीब, शेकडो बेटं एकामागे एक, जवळची हिरवी, मागची निळसर. शिवाय छोट्या बंदरांत जहाज निघताना गावातली शाळकरी मुलं बँड घेऊन, कुठे ढोल घेऊन धक्क्यावर निरोप द्यायला येतात, जहाज लांब जाईपर्यंत हात हलवत राहतात. त्या वेळी केबिनमध्ये आवराआवर करत बसू नका.

आम्ही शाकाहारी, आमचं काय?

लँड टूरमध्ये ही खरी अडचण आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी', माशाच्या वाळवलेल्या पापुद्र्यांचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी. मिसो सूप, उदोनचा रस्सा, भाजी शिजवायचं पाणी, टेम्पुराबरोबरची चटणी, सगळ्यात. वाढणारा प्रामाणिकपणे 'मांस नाही' म्हणेल आणि दाशी असेल, कारण त्याच्या डोक्यात तो मासा नाहीच, तो नुसता स्वाद आहे. म्हणून जपानी लिपीत छापलेलं कार्ड खिशात ठेवा: मांस, मासे, अंडी, दाशी चालत नाही. ग्रुप टूर रात्री इंडियन रेस्टॉरंटला नेतातच, मोठ्या शहरांत ती भरपूर आहेत.

पण एकदा तरी बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण घ्या, त्याला शोजिन र्‍योरी म्हणतात. ओसाकापासून वर डोंगरात कोयासान आहे, कुकाइ नावाच्या भिक्षूने 816 साली वसवलेलं, तिथे मठात राहायची सोय आहे, आणि तिथल्या थडग्यांवर संस्कृत बीजाक्षरं कोरलेली दिसतात. जेवणात कांदा-लसूण नसतो, दाशी शेवाळ आणि मशरूमची. मुळा, कमळाचं कंद वगैरे मात्र असतात, जैन मंडळींनी आधी सांगावं लागेल. जहाजावर खाण्याचा प्रश्न जवळपास सुटतो, मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवण मिळतं, फक्त बुकिंगच्या वेळीच लिहून कळवायचं, चढल्यावर नाही.

आई-बाबांना झेपेल का?

लँड टूरमध्ये चालणं खूप असतं, स्टेशनच्या आत इतकं चालावं लागतं की देऊळ येईपर्यंत पाय दुखायला लागतात. शिंकान्सेन मधल्या स्टेशनवर एक-दोन मिनिटंच थांबते. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर गेली तर टोकियो-ओसाका-क्यूशू मार्गावर मोठ्या बॅगेची जागा असलेली सीट आधी रिझर्व्ह करावी लागते. यावर उपाय म्हणजे ताक्युबिन, बॅग हॉटेलच्या काउंटरवर द्यायची, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलला हजर. 1976 पासून चालू आहे ही सेवा, काळ्या मांजराचं चिन्ह असलेली गाडी दिसेल. एका रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत, बाकी सगळं पाठवून द्या. चांगल्या टूर कंपन्या हे स्वतःच करतात, करतात का ते विचारा.

जहाजावर बॅग एकदाच उघडायची, लिफ्ट आहेत, दमलात तर त्या दिवशी उतरू नका. म्हणून वयस्कर माणसं बरोबर असतील तर लँड आधी आणि जहाज नंतर हा क्रम बरा, जोर असताना चालून घ्यायचं. स्वतःच्या स्वतः बंदरात फिरत असाल तर परतीची वेळ पाळा, जहाजाने लावलेल्या टूरची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

2020 च्या कोरोनाची भीती अजून कोणाकोणाच्या मनात आहे, योकोहामात अडकलेलं डायमंड प्रिन्सेस, 3,711 माणसं, 712 जणांना लागण. ते जहाज नागासाकीतच बांधलेलं आणि आता पुन्हा जपानच्या फेऱ्या करतं. जहाजावर माणसं दाटीने राहतात, आजार पसरतो, हे मान्य करून मेडिकल आणि ट्रिप कॅन्सलेशन असा दोन्हीचा विमा घ्या, आणि त्यात क्रूझ धरलीय का ते वाचा, पुष्कळ पॉलिसीत वेगळं लिहावं लागतं.

कधी जायचं

चेरी ब्लॉसम, म्हणजे साकुरा, टोकियो-क्योतोला मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, आणि मग बहर उत्तरेकडे सरकत होक्काइदोला एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला. म्हणून एप्रिलच्या उत्तरार्धातली वर जाणारी क्रूझ मला सगळ्यात जास्त पटते. आओमोरीला उतरून ट्रेनने पाऊण तासात हिरोसाकी किल्ला, 2,600 च्या आसपास चेरीची झाडं, खंदकाच्या पाण्यावर पाकळ्यांचा गुलाबी थर. त्याच वेळी क्योतोत बहर संपून गेलेला असतो. फक्त 29 एप्रिल ते 5 मे या सुट्ट्यांत अख्खा जपान फिरायला बाहेर पडतो तेवढं टाळा. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीवाल्यांना 10 मे नंतर बरं. जूनमध्ये पाऊस, ऑगस्ट ते ऑक्टोबर टायफून, आणि टायफून आला की जहाज बंदर गाळतं किंवा बदलतं, करारात कंपनीला तो हक्क असतो आणि परत मिळतात ते फारतर त्या बंदराचे कर. पानगळीचे रंग उत्तरेला सप्टेंबरअखेर सुरू होतात, क्योतोला नोव्हेंबरअखेर.

फुजी, 3,776 मीटर, उन्हाळ्यात बहुतेक ढगात असतो, थंडीत स्वच्छ दिसतो. शिमिझू बंदरात पहाटे जहाज शिरताना दिसला तर फार सुंदर, पण कोणीही गॅरंटी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

तिथले लोक गर्दीला कंटाळलेत, मग जावं का?

कंटाळलेत हे खरं. क्योतोच्या गिओनमध्ये 2024 पासून खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद, शिरलात तर 10,000 येन दंड. मियाजिमावर ऑक्टोबर 2023 पासून माणशी 100 येन कर. मोठं जहाज छोट्या बंदरात एकदम दोन-तीन हजार माणसं उतरवतं हाही गर्दीचाच प्रकार, क्रूझवाल्यांनी तो नाकारू नये. पण आओमोरी, कानाझावा, साकाइमिनातो इथली माणसं पाहुणे यावेत म्हणून खरंच झटतायत. तिथे जाऊन स्थानिक दुकानात जेवलात, कचरा स्वतःबरोबर परत आणलात (रस्त्यावर डबे जवळपास नसतात), ट्रेनमध्ये फोनवर बोलला नाहीत, तर कोणालाच त्रास नाही.

मग किती दिवस आणि कुठला क्रम?

दहा दिवसांपेक्षा कमी असतील तर क्रूझ सोडा, फक्त लँड करा: टोकियो, फुजीजवळ एक रात्र, क्योतोत किमान तीन रात्री आणि त्यातूनच नारा, मग हिरोशिमा-मियाजिमा, आणि ओसाकाहून परत. जायचं विमान एका शहराचं आणि परतीचं दुसऱ्या शहराचं घ्या म्हणजे उलटं यावं लागत नाही. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 वरून 50,000 येन झाला, या मार्गाला तो परवडतही नाही, सुटी तिकिटं स्वस्त पडतात.

पंधरा-सोळा दिवस असतील तर वरचंच सगळं आधी, आणि मग अशी क्रूझ निवडा जिच्यात टोकियो, क्योतो, ओसाका ही नावं पुन्हा येत नाहीत. जितकी अनोळखी बंदरं तितकं बरं. क्रूझच्या भाड्यात टीप, दारू, वायफाय, बंदरातल्या टूर बहुतेक धरलेल्या नसतात, ते सगळं मिळवून मगच दोन पॅकेजची तुलना करा. आणि पैसे भरायच्या आधी कंपनीकडून प्रत्येक बंदराची पोचायची वेळ, निघायची वेळ, धक्क्याचं नाव आणि तिथून गावात जायला लागणारा वेळ एवढे चार रकाने भरून घ्या. 'बंदरात फुल डे' असं मोघम उत्तर आलं तर पुन्हा विचारा.